मिठाच्या तीन बरण्या: नव्यानं चूल मांडणाऱ्यांसाठी

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या खोलीत जिल्हा परिषदेच्या शाळेवर रुजू झालेल्या नव्या मॅडम राहायला आल्या. माहेर पुण्याकडचं. पहिले आठ दिवस त्यांचं वरण रोज खारट. चमचा तोच, डाळ तीच, मिठाचा पुडाही घरून आणलेला, तरी खारट. शेवटी त्या वाटी घेऊन आमच्या ओट्यावर आल्या. माझ्या सासूबाईंनी बोट बुडवून चाखलं आणि म्हणाल्या, "पोरी, कोणत्या पाण्यात शिजवलं? हापशीच्या? थे पाणीच खारं हाय. मीठ अर्धंच टाकजो."

त्या दिवसानंतर मॅडमनी मला मिठाबद्दल इतकं विचारलं की आपण रोज हातात घेतो त्या वस्तूबद्दल किती गोष्टी कुणी सांगतच नाही, हे माझ्या ध्यानात आलं. नोकरीसाठी खेड्यात आलेली पोरं, लग्न होऊन वऱ्हाडात आलेल्या मुली, तालुक्याला खोली करून शिकणारे विद्यार्थी या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. खाली ज्या क्रमानं सांगितलं आहे त्याच क्रमानं करा.

सगळ्यात आधी पाणी चाखा

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत आमचा खारपाणपट्टा पसरला आहे. जमीन काळीभोर, कापूस, तूर, हरभरा झकास. पण विहीर खोदली की पाणी खारं. १९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा वऱ्हाडात समुद्र कुठून आणायचा? अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला लोकांनी विहिरीचं खारं पाणी आटवलं, मीठ काढलं आणि कायदा मोडला. ज्या पाण्यातून मीठ निघू शकतं, त्या पाण्यात शिजवलेल्या भाजीला वरून किती मीठ लागणार, याचा विचार आधी करायला हवा.

घरात पाणी किती ठिकाणांहून येतं ते बघा. नळयोजनेचं, हापशीचं, विहिरीचं, कधी टँकरचं. प्रत्येक पाण्यात मूठभर तांदूळ मीठ न घालता शिजवा आणि कोमट झाल्यावर चाखा. गरम असताना खारटपणा नीट कळत नाही. भाताला चव लागली तर त्या पाण्याच्या स्वयंपाकाला नेहमीच्या निम्म्या मिठापासून सुरुवात करा. नळ चार दिवस आला नाही आणि विहिरीच्या पाण्यावर स्वयंपाक करावा लागला की हात लगेच आखडता घ्यायचा, ही सवय पहिल्या महिन्यातच लावून घ्या. जमलं तर वरण-भातापुरतं तरी नळाचं गोडं पाणी वेगळं भरून ठेवा. खारं पाणी बहुधा जडही असतं, त्यात तुरीची डाळ लवकर गळत नाही आणि माणूस उगाच डाळीला नावं ठेवतो.

भंडारा-गोंदियाकडं, धानाच्या पट्ट्यात राहायला गेलात तर पाण्याची ही अडचण सहसा येत नाही. तिथं सरळ दुकानात जा.

दुकानात काय मागायचं

पहिली बरणी आयोडीनयुक्त बारीक मिठाची. रोजच्या स्वयंपाकाला हेच. पुड्यावर तीन गोष्टी बघा: "आयोडीनयुक्त" असं लिहिलेलं आहे का, हसऱ्या सूर्याचं चित्र आहे का, आणि पॅकिंगची तारीख किती जुनी आहे. आठवडी बाजारात गोणीतून सुटं मिळणारं खडे मीठ स्वस्त असतं, पण त्यात आयोडीन आहे की नाही हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. गोठ्यासाठी गुरांचं मीठ घरात येतं, ते गोठ्यातच राहू द्या. पुडा संपला म्हणून त्यातलं चिमूटभर स्वयंपाकघरात आणण्याची सवय मी खूप घरांत बघितली आहे.

आयोडीनचा एवढा आग्रह का? आपण समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत राहतो. मासळी रोजच्या जेवणात नाही, आणि जमिनीत आयोडीन कमी असलं की तिथल्या धान्यात, भाजीतही कमीच उतरतं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, गरोदर बाईला २५०. सुईच्या टोकावर मावेल एवढंच, पण ते मिळालं नाही तर गलगंड होतो आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. म्हणून आपल्या देशात १९६२ पासून गलगंड नियंत्रणाचं काम सुरू आहे, आणि २००६ पासून माणसांच्या खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला बंदी आहे. दुकानात पोचलेल्या किलोभर मिठात किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे.

गावातल्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंकडं मीठ तपासायची छोटी बाटली असेल तर त्यांना आपलं मीठ दाखवा. त्यातल्या द्रावणाचा थेंब पडला की आयोडीन असलेलं मीठ जांभळं होतं. मोबाईलवर एक गोष्ट फिरत असते, की कापलेल्या बटाट्यावर मीठ आणि लिंबू टाकलं आणि बटाटा निळा झाला तर मीठ भेसळीचं. हे साफ उलटं आहे. निळा रंग आयोडीनचा आहे, आणि ते मिठात असायलाच हवं. भेसळीची शंका असेल तर पेलाभर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवा. पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि तळाशी भुकटी बसली तर त्यात खडूची पूड असू शकते. किंचित धुकट पाणी दिसलं तर घाबरू नका, मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेल्या पदार्थामुळंही तसं होतं.

दुसरी बरणी जाड्या मिठाची, म्हणजे खडे मिठाची. लोणची, ठेचा, वाळवण यांना ते लागतं. हेसुद्धा पुड्यातलं, आयोडीनयुक्त मिळतं, तेच घ्या. आयोडीनमुळं लोणचं नासतं किंवा काळं पडतं असं म्हणणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत. आमच्या बचत गटाचं लोणचं आम्ही गेली कित्येक वर्षं याच मिठात घालतो, आयोडीनमुळं एकही बरणी गेलेली नाही. एक चूक मात्र टाळा. खडे मीठ मळकट दिसतं म्हणून ते धुऊन वाळवू नका. आयोडीन खड्याच्या वरवरच्या थरावर असतं, ते धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातं.

तिसरी बरणी लहान, शेंदेलोणाची. तिच्याबद्दल पुढं सांगते.

ठेवायचं कुठं

चिनीमातीची किंवा काचेची बरणी घ्या. चांगल्या प्रतीची प्लास्टिकचीही चालेल. पितळ, अ‍ॅल्युमिनियम, हलकं स्टील नको. मीठ धातू खातं आणि डब्याला बारीक भोकं पडतात. चमचा लाकडी, कोरडा. चुलीजवळची किंवा शेगडीमागची फळी सोयीची वाटते, पण तिथली वाफ आणि धग दोन्ही आयोडीनला मारक आहेत. झाकण घट्ट बसणारं हवं.

पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं ते मिठातल्या मॅग्नेशियमच्या क्षारामुळं. हवेतली ओल तो ओढून घेतो. पातळ फडक्यात मूठभर तांदूळ बांधून बरणीत ठेवा. एकदम दोन किलो बरणीत ओतू नका, पंधरा दिवसांचं काढा आणि बाकीचा पुडा रबर लावून डब्यात ठेवा.

हाताचं माप बसवा

"अंदाजानं टाक" हे वाक्य नव्या माणसाच्या काहीच कामाचं नाही. अंदाज यायला आधी माप लागतं. चहाचा एक सपाट चमचा बारीक मीठ म्हणजे ५ ते ६ ग्रॅम. त्याच चमच्यात जाडं मीठ कमी मावतं, कारण खड्यांच्या मध्ये मोकळी जागा राहते. म्हणून मीठ बदललं की चमच्याचं माप बदलतं. माझं ऐकाल तर गावातल्या किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा आपला चमचा, आपली चिमूट आणि आपली मूठ तोलून घ्या. दुकानदार हसेल, हसू द्या.

गोड्या पाण्यात वाटीभर तुरीच्या डाळीच्या वरणाला, चार माणसांपुरत्या, सपाट चमचाभर मीठ पुरतं. पाव किलो कणकेला अर्धा चमचा. पालेभाजीत सुरुवातीला मीठ घालू नका. टोपलंभर चवळी किंवा अंबाडी शिजून मूठभर होते आणि मग भाजी खारट लागते. आधी पाला बसू द्या, मग चव बघून घाला. वांगी चिरली की मिठाच्या पाण्यात टाका, काळी पडत नाहीत. भरताला मीठ वांगं कुस्करल्यावर घाला. कांदा परतताना मात्र लवकर चिमूटभर टाकलं की त्याला पाणी सुटतं आणि तो पटकन मऊ होतो. बाकी जिथं जमेल तिथं मीठ शेवटाकडं घाला, म्हणजे आयोडीन जास्त टिकतं.

ठेच्याला जाडं मीठ का, हे एकदा हातानं करून बघा. हिरव्या मिरच्या थेंबभर तेलावर तव्यात भाजा, डाग पडेपर्यंत. लसणाच्या आठ-दहा पाकळ्या शेवटी टाका. गरम असतानाच खलात घ्या आणि वर खडे मीठ भुरभुरा. आता बत्ता मारा. बारीक मीठ असेल तर मिरची बत्त्याखालून सटकते, बिया उडतात, डोळ्यांत जातात. खडे मीठ मिरचीला धरून ठेवतं. खड्यांच्या कडा सालीला फाडतात, दहा-बारा ठोक्यांत करकर आवाज थांबतो आणि ठेचा ओलसर, भरड होतो. आवाज थांबला की हात थांबवा. पुढं ठेचत राहिलात तर त्याची चटणी होईल.

वरण खारट झालं तर? कणकेचा गोळा टाकला की तो मीठ शोषून घेतो म्हणतात, पण गोळा वरणाबरोबर थोडंसं मीठ घेतो, इतकंच. उरलेल्या वरणाचा खारटपणा आहे तेवढाच राहतो, म्हणून वरण वाढवा. गोडं पाणी घाला, थोडी बिनमिठाची शिजवलेली डाळ असेल तर ती घाला. आणि सगळ्यात छान उपाय म्हणजे त्याच वरणात बिनमिठाच्या कणकेच्या चिकोल्या, म्हणजे लाटून कापलेले तुकडे, सोडा. बिघडलेल्या वरणाचं रात्रीचं पूर्ण जेवण होतं, वर कच्चं तेल घेतलं की पोरं बोटं चाटतात.

लोणचं आणि वाळवण: इथं वजनच करा

आमच्या गटाचं पहिल्या वर्षीचं कैरीचं लोणचं गेलं. अकरा किलो फोडी होत्या. घरच्या वहीत मीठ वाट्यांनी लिहिलेलं होतं, बारीक मिठाच्या. आम्ही त्याच वाटीनं जाडं मीठ मोजलं. मृगाचे दोन पाऊस झाले आणि बरणीचं झाकण उघडलं तर वर पांढरा बुरा, खाली फोडी मऊ पडलेल्या, वास आंबूस. रडायला आलं होतं. नंतर वाटी काट्यावर ठेवली तेव्हा कळलं. बारीक मीठ वाटीत १४० ग्रॅम भरत होतं, जाडं १२० सुद्धा नाही. अकरा किलोला तो फरक कुठल्या कुठं गेला.

तेव्हापासून आमचं माप वजनाचं. एक किलो कैरीच्या फोडींना २०० ग्रॅम मीठ. लिंबाच्या लोणच्याला किलोला २०० ते २५०. मीठ फोडीतलं पाणी बाहेर ओढतं, त्या पाण्यात स्वतः विरघळतं आणि जो खार होतो त्यात बुरशीला जगता येत नाही. मीठ कमी पडलं की खार पातळ, आणि लोणचं गेलं. म्हणून "बीपी आहे, लोणच्यात मीठ कमी घालते" असं करू नका. लोणचं नीट मिठाचं करा आणि पानात फोड एकच वाढा.

करायची रीत अशी: फोडी पुसून कोरड्या करा. जाडं मीठ कढईत मंद आचेवर थोडं गरम करून त्यातली ओल घालवा, थंड होऊ द्या. फोडींना हळद आणि मीठ चोळून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी तळाशी खार सुटलेला दिसेल. मसाला आणि थंड केलेलं तेल त्यानंतर. बरणीत भरल्यावर फोडी खारात आणि तेलात बुडालेल्या असल्या पाहिजेत, वर आलेली फोड पहिली बुरसते.

वाळवणाचं गणित याच्या उलट आहे. कुरडईच्या चिकाला, मुंगवड्यांच्या वाटणाला, ताकातल्या मिरच्यांना ओलेपणी मीठ बरोबर लागलं तर ते जास्त झालं असं समजा. पाणी उडून जातं, मीठ तेवढंच राहतं. चाखताना थोडं अळणी वाटेल एवढंच घाला.

पापडखार हे मीठ नव्हे. तो अल्कधर्मी क्षार आहे, वेगळ्या डबीत नाव लिहून ठेवा. पांढरी पूड बघून तो भाजीत पडला की भाजीला साबणासारखी चव येते. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या सरोवराचं पाणी असंच सोड्याचं आहे. तिथून पूर्वी क्षार काढले जात. आता ते अभयारण्य आहे, २०२० पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीतही आहे. तिथला क्षार घरी आणायचा नाही आणि खायचाही नाही.

शेंदेलोण आणि पादेलोण

शेंदेलोण म्हणजे सैंधव, खाणीतून निघणारं मीठ. बरंचसं पाकिस्तानातल्या पंजाबच्या खेवड्याच्या खाणीतलं म्हणून ओळखलं जातं. आपल्याकडं हिमाचलात मंडी जिल्ह्यातही त्याच्या खाणी आहेत. उपासाची भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाणा याला ते वापरा. गुलाबी रंग लोहाच्या अंशामुळं असतो.

पण हल्ली कितीतरी घरांत रोजचं मीठ काढून त्याजागी सैंधव आलं आहे, "ते शुद्ध आहे, बीपीला चालतं" म्हणून. हे मला मनापासून खटकतं. सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराईडच असतं. बीपीला साधं मीठ जेवढं जड, तेवढंच तेही. त्यातली बाकीची खनिजं इतकी थोडी की त्यांच्यासाठी ते खाण्यात अर्थ नाही. आणि वरून आयोडीन घातलेलं नसेल तर घरातल्या गरोदर मुलीचं आणि लेकरांचं आयोडीन बंद होतं. श्रावणातले उपास सैंधवावर करा, खुशाल करा. बाकीचे दिवस पहिली बरणी.

पादेलोण, म्हणजे काळं मीठ, भट्टीत हिरड्यासारख्या वस्तूंबरोबर भाजून करतात. त्याचा वास गंधकाचा, उकडलेल्या अंड्यासारखा. तो वास उकळीत उडून जातो, म्हणून पादेलोण कधी शिजवू नका. मठ्ठ्यात, पन्ह्यात, पेरूवर, बोरांवर वरून चिमूटभर. त्याला चौथी बरणी नको, डबी पुरे.

दुकानात "कमी सोडियम"चं मीठही दिसतं. त्यात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम असतं. किडनीचा आजार असलेल्यांनी आणि बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये, अंगातलं पोटॅशियम वाढून हृदयाला धोका होऊ शकतो.

किती होतंय ते पुड्यावर लिहा

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. पाच माणसांच्या घराला २५ ग्रॅम, म्हणजे किलोचा पुडा ४० दिवस टिकायला हवा. पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर पेनानं तारीख लिहा. आमच्या घरी पहिल्यांदा लिहिली तेव्हा पुडा २३ दिवसांत संपला होता. पापड, फरसाण, बिस्किटं, लोणचं यांचं मीठ त्यात धरलेलंच नव्हतं, आणि हापशीच्या पाण्यातलंही नव्हतं. आम्ही पानात मीठ वाढणं बंद केलं, भजी-भाकरीबरोबर वरून मीठ घेणं बंद केलं, आणि दोन महिन्यांत पुडा ३५ दिवसांवर गेला. जीभ तीन-चार आठवड्यांत सरावते.

मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात वावरात राबणाऱ्यांना घामावाटे मीठ जातं हे खरं. त्यासाठी ताक आणि आंबील आहेच. जुलाब-उलट्या झाल्या तर आशाताईंकडचं ओआरएसचं पाकीट आणा. ते नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ याहून जास्त नको, आणि पाणी नळाचं किंवा गोडंच हवं. हापशीच्या खाऱ्या पाण्यात ते केलं तर माप बिघडतं आणि लहान लेकराला अपाय होतो.

आणि घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याच्या खाण्यात वरून मीठ अजिबात घालायचं नाही. वरण शिजलं की त्याची वाटी मीठ पडायच्या आधी काढून ठेवा, आणि ते वरण गोड्या पाण्यातलं असू द्या.